विमानतळाच्या कर्जाची फाईल कशी तपासावी

जळगावची धावपट्टी लांबणार, धुळ्याच्या गोंदूरहून प्रवासी विमान उडणार, अशा बातम्या खान्देशात अधूनमधून येतात. बातमीत कोटींचा आकडा असतो, पण तो फेडणार कोण हे नसते. म्हणून आधी एवढेच विचारा: हे अनुदान आहे की कर्ज?

उडान या छोट्या शहरांना विमानसेवा देणाऱ्या केंद्राच्या योजनेत बंद पडलेल्या धावपट्ट्या पुन्हा चालू करण्यासाठी केंद्राने ४,५०० कोटी मंजूर केले होते. ते अनुदान, त्याला हप्ता नाही. स्टेट बँकेसारख्या सरकारी बँकेचे कर्ज असेल तर मात्र हमी कोणाची, हे बघा. राज्य शासनाची हमी असेल तर विमान उडो न उडो, हप्ता तिजोरीतून जाणार.

आता हप्त्याचे गणित. १०० कोटींचे कर्ज, ९ टक्के व्याज, १५ वर्षे मुदत धरली तर वर्षाला साधारण १२ कोटी ४० लाख भरावे लागतात. रोज ७० आसनी एक विमान सुटले आणि ते ७० टक्के भरले, तर वर्षाला १७,८८५ प्रवासी. भागाकार करा: माणशी जवळजवळ ६,९०० रुपये, आणि हा नुसता हप्ता. अग्निशमन, सुरक्षा, वीज वेगळीच. माणशी बोजा ७०० रुपयांपर्यंत खाली आणायचा तर रोज दहा उड्डाणे हवीत. त्यात उडानच्या फेऱ्यांना लँडिंग आणि पार्किंग शुल्क माफ. म्हणजे ज्या विमानांसाठी कर्ज काढायचे, त्यांच्याकडूनच ही मिळकत नाही.

प्रकल्प अहवालातला प्रवासी अंदाज चौथ्या वर्षापासून वाचायला घ्या. उडानमध्ये विमान कंपनीला मिळणारी तूट भरपाई तीन वर्षांची असते. खरी परीक्षा त्यानंतर. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या २०२३ च्या अहवालानुसार उडान-३ पर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत आणि तीन वर्षांनंतरही टिकलेले फक्त ५४. जळगावची मुंबई सेवा डिसेंबर २०१७ मध्ये सुरू होऊन बंद पडली, २०१९ मध्ये पुन्हा सुरू झाली, तीही टिकली नाही, २०२४ मध्ये परत विमाने आली. अहवालात आलेख दरवर्षी वरच चढत असेल, तर हे खंड त्यात का दिसत नाहीत, ते लेखी विचारा. (‘केळी विमानाने जाईल’ हे वाक्य दिसले तर पान उलटा. सत्तर प्रवासी सामानासह बसले की एटीआरसारख्या छोट्या विमानात टनभरही जागा उरत नाही. एका ट्रकमध्ये दहा टनांवर माल जातो.)

हवामानाचा भाग बहुतेक जण सोडून देतात, आणि आपल्याकडे तर तोच महागात पडतो. तापलेली हवा विरळ असते. पंखांना उचल कमी, इंजिनाला जोर कमी, म्हणून विमानाला जास्त धावावे लागते. आराखड्याचा आंतरराष्ट्रीय ठोकताळा असा: समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला ७ टक्के, आणि त्या उंचीवर मानक धरलेल्या (प्रमाण) तापमानापेक्षा दर अंशाला १ टक्का धावपट्टीची लांबी वाढवा. उदाहरणादाखल उंची २५० मीटर, तापमान ४२ अंश आणि मूळ गरज १,३०० मीटर धरू. उंचीमुळे १,३७५ मीटर झाले. प्रमाण तापमान १३.४ अंश, फरक २८.६, म्हणजे सुमारे १,७७० मीटर. पुढे दर अंशाला आणखी १४ मीटर. एकूण वाढ ३५ टक्क्यांवर गेली की ठोकताळा पुरत नाही, स्वतंत्र अभ्यास लागतो. इथे ती ३६ झाली.

यातले तापमान म्हणजे सर्वांत उष्ण महिन्याच्या रोजच्या कमाल तापमानाची, काही वर्षांची सरासरी. लबाडी इथेच होते: वर्षे जुनी घेतात, किंवा वर्षभराची सरासरी टाकतात. कोणती वर्षे, कोणते हवामान केंद्र, हे मागा. धावपट्टी तोकडी पडली तर मे महिन्यात कंपनी वजन कमी करते, सामान किंवा प्रवासी मागे राहतात, आणि वरच्या गणितातले ७० टक्के तिथेच कोसळतात.

युरोपियन गुंतवणूक बँकेने नोव्हेंबर २०२० मध्ये विमानतळांची क्षमता वाढवण्यासाठी पैसा न देण्याचे ठरवले. सुरक्षेच्या कामांना मुभा ठेवली. असा नियम जिथे असतो तिथे विस्तारालाही ‘सुरक्षा’ नाव देण्याचा मोह होतो. ओळखायची खूण सोपी: उड्डाणासाठी जाहीर केलेली धावेची लांबी, म्हणजे ‘टोरा’, कामाआधी आणि कामानंतर किती? धावपट्टीच्या टोकापलीकडचे सुरक्षा क्षेत्र वाढले तर टोरा वाढत नाही. टोरा वाढला तर तो विस्तारच. ‘हरित विमानतळ’ म्हटले की टर्मिनलवरचे सौर पॅनेल दाखवतात; विमानांनी जाळलेले इंधन हिशेबात धरले आहे का, तेवढे विचारा.

माहिती अधिकारात कागद मागायचे तर बँकेकडे जाऊ नका. व्यापारी गुपित म्हणून त्या कायद्याचे कलम ८(१)(डी) पुढे करतील. कर्ज घेणारी संस्था आणि हमी देणारा विभाग गाठा. राज्याच्या कार्यालयाकडे अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, म्हणून हमीपत्र, प्रवासी अंदाज आणि तापमानाची आकडेवारी यांचे तीन वेगळे अर्ज करा. प्रत्येकी १० रुपये. विमानतळ प्राधिकरण केंद्राचे, तिथे ५०० शब्द चालतात. ‘माहिती द्यावी’ असे मोघम लिहू नका. ‘साक्षांकित प्रत द्यावी’ लिहा. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील.

नवा विमानतळ असेल तर पर्यावरण मंजुरी दिल्लीहून लागते आणि जनसुनावणीची सूचना ३० दिवस आधी वर्तमानपत्रात येते. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांप्रमाणे आवश्यक मंजुऱ्या हाती आल्याशिवाय बँकेला कर्जाची जुळणी पूर्ण झाली असे म्हणता येत नाही. म्हणून हप्त्याचा आणि तापमानाचा प्रश्न सुनावणीतच लेखी द्या आणि पोच घ्या.