या चुका टाळा: सुकलेलं प्रत्येक फूल तहानलेलं नसतं

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चौरंगावर ऑर्किडच्या कळ्यांचा सडा पडला होता. आदल्या पहाटे दादरच्या फूल मंडईतून जांभळ्या डेन्ड्रोबियमच्या दहा काड्या आणल्या होत्या, दहा दिवस तरी बघायला नको म्हणून जरा जास्तच पैसे मोजून. रात्री दोनदा पाणी बदललं, दांडे छाटले, तरी ही अवस्था. तणतणत मंडईत गेले. फुलवाल्या मावशींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, फळं कुठं ठेवली होती?"

फुलदाणीच्या अगदी खाली ठेवली होती. पाच फळांची परडी आणि पिकायला लागलेली डझनभर वेलची केळी. वर समया, धूप आणि मखराला तिन्ही बाजूंनी थर्माकोलच्या जागी आलेला जाड पुठ्ठा, म्हणजे हवा हलायला वाव नाही. मावशींनी रसायनाचं नाव घेतलं नाही, पण निदान अचूक होतं.

ते रसायन म्हणजे इथिलीन. साधा वायू, पण वनस्पतींच्या शरीरात तो संप्रेरकाचं काम करतो. पिकणारी केळी तो हवेत सोडतात आणि धुपाच्या धुरातही तो असतो. आपण केळी पिकवायला ज्याचा उपयोग करतो, तोच फुलाला "आता आवरतं घे" असा निरोप देतो.

पहिली चूक: सुकणं म्हणजे फक्त पाणी कमी पडणं असं समजणं

बाकीच्या बहुतेक चुका हिच्यातूनच येतात. फूल दोन वेगळ्या कारणांनी मान टाकतं. एक, दांड्यात हवेचा बुडबुडा किंवा जिवाणूंचा चिकटा अडकून पाणी वर चढत नाही. दोन, फुलाचं वय झालेलं असतं. हे म्हातारपण म्हणजे आपोआप होणारी पडझड नव्हे. पाकळीच्या पेशींत ठरावीक जनुकं चालू होतात, प्रथिनं तोडणारी विकरं तयार होतात, पेशी स्वतःचेच भाग पचवते आणि त्यातला नत्र, स्फुरद बीजकोशाकडे किंवा झाडाकडे परत पाठवला जातो. पाकळ्या सांभाळणं झाडाला महाग पडतं. कीटक येऊन गेला की ती जाहिरात उतरवलेलीच बरी.

ओळखायचं कसं? गुलाबाची मान वाकली आणि पाकळ्या अजून ताज्या रंगाच्या असतील तर दोष बहुधा पाण्याचा. दांड्याचं टोक पाण्याखाली धरून दोन-तीन सेंटिमीटर तिरकं कापा, मानेला कागदाची गुंडाळी करून आधार द्या आणि तासभर खोल पाण्यात उभा ठेवा. सावरला तर तहान होती. कार्नेशनच्या पाकळ्या मात्र आत वळून झोपल्यासारख्या मिटल्या, किंवा ऑर्किडच्या कळ्या पिवळ्या पडून गळाल्या, तर पाणी ओतून काही होत नाही.

दुसरी चूक: फळं आणि धूर फुलांच्या शेजारी

कार्नेशनचं इथिलीनशी वैर जुनं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकागोच्या हरितगृहांत दिव्यांच्या गॅसची गळती झाली की उमललेली कार्नेशन मिटायची आणि कळ्या उघडायच्याच नाहीत. त्या गॅसमधला खरा गुन्हेगार इथिलीन आहे, हे क्रॉकर आणि नाइट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1908 मध्ये दाखवलं. हवेच्या दहा लाख भागांत एका भागाहूनही कमी इथिलीन कार्नेशनला पुरतं. (आपल्या पाइपमधला गॅस मुख्यतः मिथेन असतो, त्यामुळे त्याची धास्ती नको. अर्धवट जळणाऱ्या धुपाचा आणि रस्त्यावरच्या गाड्यांचा धूर मात्र मोजायला हवा.)

एवढ्याशा वायूने एवढा गोंधळ का होतो, याचं उत्तर मला फार आवडतं. पेशीत इथिलीन ओळखणारी ग्राही प्रथिनं असतात. इथिलीन नसताना ती ब्रेक दाबून बसलेली असतात. इथिलीन येऊन चिकटलं की ब्रेक सुटतो आणि म्हातारपणाची जनुकं चालू होतात. त्यांपैकी काही जनुकं आणखी इथिलीन बनवणारी विकरं तयार करतात. म्हणजे थोडा वायू अधिक वायूला बोलावतो, तो आणखी. कार्नेशनमध्ये ही लाट फुलाच्या मधल्या स्त्रीकेसरात सुरू होते आणि मग पाकळ्यांत पसरते. म्हणून फुलदाणीत सुकलेली फुलं तशीच राहू देणं हीसुद्धा चूक. मरायला टेकलेलं एक कार्नेशन शेजारच्यांचीही वेळ जवळ आणतं. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत पाकळ्यांवर बुरशी धरते. बुरशी लागलेल्या पाकळ्याही इथिलीन सोडतात, तेव्हा डागाळलेलं फूल लगेच काढा.

तिसरी चूक: सगळ्या फुलांना एकच औषध

इथे दुकानदार आणि व्हॉट्सअ‍ॅप दोघंही आपल्याला फसवतात. इथिलीन रोखणारी औषधं खरी आहेत. चांदीचं थायोसल्फेट ग्राहीतल्या तांब्याची जागा घेऊन त्याला बधिर करतं, आणि 1-एमसीपी नावाचा वायू ग्राहीला आधीच जाऊन चिकटतो. दोन्ही गोष्टी फुलं पाठवणाऱ्यांच्या हातात असतात. चांदीचं द्रावण घरी करू नका, कारण ते बेसिनमध्ये ओतायची गोष्ट नाही. शिवाय ग्लॅडिओलाला यांतल्या कशाचाही फारसा उपयोग नाही. ग्लॅडिओला, आयरिस, डे-लिली यांची घड्याळं इथिलीनवर चालत नाहीत. शेवंती, जरबेरा यांच्या कुळातली फुलंही बहुतेक त्याला दाद देत नाहीत. त्यामुळे त्याच कुळातल्या झेंडूचं तोरण केळ्यांच्या घडाला टेकलं म्हणून जीव टाकायचं कारण नाही. जरबेरा मान टाकतो तेव्हा आधी फुलदाणी घासा. त्याचा दांडा पोकळ असतो आणि गढूळ पाण्यात पटकन कुजतो, म्हणून पाणी चार बोटं पुरे.

मग ज्या फुलांत इथिलीनचं चालत नाही तिथे म्हातारपण ठरवतं कोण? ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक काही फुलांत ते काम करतं. सायटोकायनिन उलट बाजूला असतं, ते तारुण्य धरून ठेवतं. पेट्युनियाच्या झाडात सायटोकायनिन बनवणारं जनुक घालून पाहिलं तर फुलं जास्त दिवस टिकली. लिलीची पानं फुलाआधी पिवळी पडतात तेव्हा कमी पडलेलं असतं बहुधा जिबरेलिन हे आणखी एक संप्रेरक. पाणी बदलून त्यावर इलाज होत नाही.

साखरेचंही तसंच आहे. निशिगंधाच्या आणि ग्लॅडिओलाच्या काडीवरच्या वरच्या कळ्या उमलायला साखर लागते, आणि इथिलीनला घाबरणाऱ्या फुलांतही ती त्याची निर्मिती लांबवते. पण नुसती साखर टाकली की जिवाणूंची पंगत बसते. लिटरला चहाचे चार चमचे साखर आणि पाव चमचा साधं ब्लीच पुरतं. त्यात लिंबू पिळू नका, क्लोरीन सुटतो. तांब्याचा पैसा, ॲस्पिरिन वगैरे हौस म्हणून ठीक. गजरा-हार यांना मात्र दांडाच नसतो, त्यामुळे ही सगळी पाककृती तिथे गैरलागू. ओलसर कापड आणि थंडावा एवढंच.

चौथी चूक: डोळे झाकून फ्रिज

थंडीने पेशींची सगळी कामं मंदावतात, म्हातारपणही. पण घरच्या फ्रिजच्या चार अंशांत ऑर्किड आणि अँथुरियम काळवंडतात, कारण ती उष्ण प्रदेशातली फुलं. त्यांना घरातला सावलीचा कोपरा बरा. गुलाब आणि कार्नेशन फ्रिजमध्ये चालतात, फक्त खालच्या खणात सफरचंदं नसावीत.

ऑर्किडला आणखी एक खोड आहे. परागण झालं नाही तर काही जातींचं फूल महिनोन्‌महिने टिकतं, आणि पराग कुक्षीवर पडले की थोड्या दिवसांत कोमेजतं. तेव्हा कुंडीतल्या ऑर्किडच्या मधल्या खांबाला (पराग आणि कुक्षी दोन्ही त्यातच असतात) मुलांना बोट लावू देऊ नका.

जास्वंदीच्या बाबतीत कसलीच खटपट करू नका, ती एका दिवसाची आहे. जपानी संशोधकांनी 2014 मध्ये मॉर्निंग ग्लोरीत इफेमरल-1 नावाचं जनुक दाबलं, तेव्हा एका दिवसाचं ते फूल दुसऱ्या सकाळीही उघडं राहिलं. आपल्या बाल्कनीत मात्र ती सोय नाही. बाप्पासाठी ताजी जास्वंद हवी तर आदल्या संध्याकाळी उद्या उमलणारी, टोकाला रंग दिसणारी कळी तोडून डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि पूजेच्या तासभर आधी बाहेर काढा. केळी त्या दिवशी ओट्यावर.