चिमणीच्या आठवड्याचं वेळापत्रक

मी एसटीत 34 वर्षं काढली. शेवटची काही वर्षं वाहतूक नियंत्रक होतो, म्हणजे स्टँडवरच्या खिडकीत बसून कोणती गाडी किती वाजता कोणत्या फलाटाला लागणार ते बघणारा माणूस. त्यामुळे नातीची शाळा, फिजिओ आणि स्पीच थेरपी एकदम सुरू झाली तेव्हा सूनबाई म्हणाली, "आबा, टायमटेबल तुम्हीच लावा." मी लावलं, आणि पहिलं साफ फसलं.

नात साडेपाच वर्षांची आहे, घरात तिला चिमणी म्हणतात. सातव्या महिन्यात झाली. सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला इजा होऊन हालचालीवर आलेली अडचण; दोन्ही पाय ताठ. चवड्यावर चालते, तेही वॉकर धरून. समज चांगली आहे, बोलणं जरा जड. मेंदूला जी इजा झाली ती वाढत जात नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. पण मूल उंच होतं, हाडं वाढतात आणि आखडलेले स्नायू त्या वेगानं लांब होत नाहीत. म्हणून ताण द्यायचे व्यायाम रोजचे. अशा मुलाचे आईबाप किंवा आजीआजोबा हे वाचत असतील तर आमच्या साताऱ्याच्या घरात काय जमलं आणि काय नाही ते सांगतो. व्यायाम मात्र तुमच्या थेरपिस्टने दाखवलेलेच करायचे, माझे नाहीत.

पहिल्या टायमटेबलात मी एकही रकाना रिकामा ठेवला नव्हता. रोज साडेनऊ ते साडेबारा बालवाडी, तीन संध्याकाळी फिजिओ, दोन संध्याकाळी स्पीच, शनिवारी ऑक्युपेशनल थेरपी (हातांची, रोजच्या कामांची थेरपी), आणि रविवारी "पोरीला कुठं तरी फिरवून आणू" म्हणून पाहुण्यांकडे. कागदावर फार देखणं दिसत होतं. तिसऱ्या आठवड्यात क्लिनिकच्या पायरीवर चिमणीनं कठडा धरला आणि म्हणाली, "आबा, आज गाडी बंद." रडली नाही, ओरडली नाही, फक्त कठडा सोडला नाही. घरी आल्यावर अंगात कणकण होती.

मला माझीच लाज वाटली. आयुष्यभर मी एका फेरीला दुसरी फेरी चिकटवून लावली नाही. गाडी आली की ड्रायव्हर चहा घेणार, टायरला लाथ मारून बघणार, मग पुढची फेरी. मधली ती पंधरा मिनिटं काढली की दुपारपर्यंत सगळ्या गाड्या उशिरा. हे मला गाड्यांचं कळत होतं, पोरीचं कळलं नाही.

तेव्हा पहिलं काम म्हणजे रिकामे दिवस आधी लिहा. आमच्याकडे सोमवार आणि बुधवार संध्याकाळ कोरी असते. मंगळवार, शुक्रवार फिजिओ, गुरुवारी स्पीच. ऑक्युपेशनल थेरपी आता पंधरा दिवसांतून एकदा, बाकी ती घरात होते. हे कमी करताना परस्पर करू नका. आम्ही फिजिओच्या मॅडमना सरळ विचारलं, "घरी रोज दोनच गोष्टी होणार असतील तर कोणत्या दोन?" त्यांनी पोटरीचा आणि मांडीच्या मागचा ताण सांगितला. आधी अकरा व्यायामांचा कागद भिंतीवर होता आणि त्यातले चार कसेबसे व्हायचे. आता दोन होतात, पण रोज होतात.

ते करायची वेळ आंघोळीनंतरची. कोमट पाण्यानं पाय सैल पडतात; थंडीच्या दिवसांत तर हा फरक हाताला कळतो. पाय हळू हळू न्यायचा आणि तिथं धरून ठेवायचा. झटका दिला की स्नायू उलटा आखडतो. मॅडमनी मोजून 30 सेकंद सांगितलेत. आकडे मोजले की चिमणी कंटाळते, म्हणून आम्ही सातारा ते पुणे स्टँड म्हणतो: सातारा, पाचवड, सुरूर, शिरवळ, कात्रज, स्वारगेट. स्वारगेट आलं की पाय सोडायचा. मी कधी घाईत शिरवळ गाळलं तर ती पकडते.

आता बूट. प्लास्टिकचे स्प्लिंट असतात, पोटरीपासून तळव्यापर्यंत, आम्ही त्यांना बूटच म्हणतो. सकाळचा सगळा गोंधळ तिथं होतो, म्हणून नीट सांगतो. आधी लांब सुती मोजा, गुडघ्याच्या खालपर्यंत. सुरकुती एकही नको; बोटानं खालून वर सारखा करा. मग मुलाला बसवून गुडघा वाकवा. गुडघा सरळ असला की टाच खाली उतरतच नाही, कितीही जोर लावा. वाकवला की उतरते. टाच मागे, पार तळाशी टेकली का बघा, आणि मगच घोट्यावरचा पट्टा आवळा. तो पहिला, पोटरीचा नंतर. आम्ही सहा महिने वरचा आधी लावत होतो आणि टाच आत तरंगत होती. संध्याकाळी बूट काढले की पायावरचे लाल डाग बघायचे. अर्ध्या तासात गेले तर ठीक. राहिले, किंवा कातडी सोलटली असली, तर बूट घालणं थांबवून ज्यांनी बनवले त्यांच्याकडे जायचं. पाय वाढतो, बूट वाढत नाही.

शाळेचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझं डोकं तापतं. एका शाळेनं "आमच्याकडे सोय नाही" म्हणून परत पाठवलं. 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे. सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेनं अपंगत्वाच्या कारणावरून भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, असं त्यात लिहिलंय. भांडता आलं असतं. पण ज्या बाईंना पोर नकोशी आहे तिच्या हाती रोज तीन तास द्यायला मन झालं नाही. दुसरी बालवाडी साधी आहे, पण तिथल्या बाईंनी पहिल्या दिवशी विचारलं, "हिला बसायला काय लागतं?" एवढं पुरे. लागतं काय, तर पाय टेकायला जागा. खुर्चीत पाय लोंबकळले की मूल घसरतं, वाकडं होतं, मग हाताला लिहिता येत नाही. मी देवघरातला जुना पाट नेऊन तिच्या पायाखाली ठेवला. गुडघे काटकोनात आले आणि दोन दिवसांत खडू नीट धरायला लागली. आजीनं देवाला नवीन पाट घेतला.

शाळेतून आल्यावर तासभर काही नाही. जेवण, लोळणं, मांजर. जेवल्या जेवल्या व्यायाम तर नकोच.

घरातली थेरपी म्हणजे वेगळी वेळ काढायची नाही, आजीच्या कामात पोर घुसवायची. कणकेचा गोळा तिच्यासाठी वेगळा मळायला देतात. मटार सोलणं बोटांना फार चांगलं. वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे काढून डब्यात टाकायचे, तेही वॉकरमध्ये उभं राहून; म्हणजे उभं राहणंही होतं. यात एक पथ्य आहे. काम खोटं नको. तिनं सोललेले मटार त्याच दिवशी उसळीत पडले पाहिजेत, नाही तर दुसऱ्या दिवशी ती हात लावत नाही. जमिनीवर बसताना मात्र पाय बेडकासारखे मागे टाकून बसते, तेव्हा लहान स्टुलावर बसवतो.

बोलण्याचं पथ्य मोठ्यांना आहे. प्रश्न विचारला की मनात दहा मोजायचे आणि तोंड बंद ठेवायचं. मला हे सगळ्यात अवघड गेलं, कारण खिडकीवरचा माणूस प्रवाशाचं वाक्य पुरं व्हायच्या आत "फलाट चार" म्हणून मोकळा होतो. आता गुरुवारी स्पीचहून येताना मंडईत थांबतो. भाजीवाल्या मावशींना मी आधीच सांगून ठेवलंय. चिमणी म्हणते, "अर्धा... किलो... गवार." मागे गिऱ्हाईक खोळंबतं. मावशी ढिम्म हलत नाहीत, शेवटचं अक्षर आल्याशिवाय तराजू उचलत नाहीत.

शनिवार दुपार तिच्या दादाची. तो नऊ वर्षांचा आहे. एकदा जेवताना म्हणाला, "रविवार पण तिचाच का?" कुणाला उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून शनिवारी दुपारी मी आणि तो, फक्त दोघं. क्रिकेट नाही तर राजवाड्यावर जाऊन भेळ.

रविवारी फिरायला जायचं ते तिला आवडतं तिथं, आपल्याला नव्हे. आमचं ठरलेलं ठिकाण संगम माहुली, कृष्णा आणि वेण्णा मिळतात तिथं. चिमणीला देवळाचं फारसं नाही, तिला साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी बघायची असते. दर वेळी तीच समाधी, आणि दर वेळी तिच्यासाठी बिस्किट. नव्या जागी नेताना मी एकटा आधी जाऊन येतो: पायऱ्या किती, सावली आहे का, लघवीला कुठं नेता येईल. घाटाच्या पायऱ्यांवर वॉकर चालत नाही, वर ठेवायचा आणि पोरीला घ्यायचं. घेताना पाय जुळवून दोन्ही हातांवर आडवं घेऊ नका. कडेवर घ्या, एक पाय पुढं एक मागं, म्हणजे मांड्या फाकलेल्या राहतात. ताठ पायांना कात्रीसारखं एकमेकांवर जायची खोड असते, ती मोडते. दोन तासांत परत यायचं. पोर खुशीत असतानाच निघायचं, रडायला लागल्यावर नव्हे. घाटावर कुणी तरी "काय झालं हो हिला?" विचारतंच. पूर्वी मी सगळी कहाणी सांगत बसायचो. आता चिमणीकडे बघतो. ती म्हणते, "पाय... ताठ." आणि बिस्किट खाते.

कागदांचंही टायमटेबल लागतं. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आधी काढा, बाकी सगळं त्यावर चालतं. लहान मुलांचं प्रमाणपत्र मुदतीचं असू शकतं, ती तारीख कॅलेंडरवर लाल पेननं. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे, एक लाखापर्यंतची, सेरेब्रल पाल्सी आणि ऑटिझम दोन्ही त्यात येतात, थेरपीचा खर्चही धरतात. साध्या एसटीत तिकिटाला 75 टक्के सवलत. कंडक्टर कुरकुरला तर शांतपणे कार्ड दाखवा. त्याचीही बारावी फेरी असते.

चिमणीचं स्वतःचं टायमटेबल भिंतीवर आहे. पुठ्ठ्याची लाल गाडी आणि सात थांबे, प्रत्येकावर चित्र: शाळा, बूट, मावशींचा तराजू, खंड्या. रोज सकाळी गाडी पुढच्या थांब्यावर तीच सरकवते. दिवस बदलणार असला तर आदल्या रात्री सांगायचं, सकाळी नाही. आणि "गाडी बंद" म्हणायचा हक्क तिला महिन्यातून दोनदा आहे. मी घाबरलो होतो की ती लगेच दोन्ही वापरून टाकील. गेल्या महिन्यात एकच वापरली, आणि तीही दात दुखत होता म्हणून.

रविवारी रात्री शेवटचं काम माझं. बुटांच्या पट्ट्यांचं वेल्क्रो जुन्या टूथब्रशनं साफ करतो. मांजराचे केस आणि मोज्यांचे धागे त्यात अडकतात, मग पट्टा धरत नाही आणि सोमवारची साडेनऊची गाडी चुकते.