पहिली एल्क शिकार स्वतःच्या बळावर करताय? या चुका टाळा

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकार बंद आहे. त्यामुळे अमेरिकेत आलेल्या आपल्या माणसाला घरातून हे शिकवणारं कुणी नसतं. कोलोरॅडो राज्यात एल्कची (सांबरासारख्या मोठ्या हरणाची) संख्या देशात सर्वांत जास्त, नॅशनल फॉरेस्टची, म्हणजे सरकारी जंगलाची, जमीन सगळ्यांना खुली आणि गाइडचा खर्च काही हजार डॉलर. मग सगळं स्वतःच करायचं ठरतं. तसं करता येतं. फक्त बहुतेक जण सुरुवात ‘एल्क दिसणार कुठे?’ इथून करतात. ती करावी ‘एल्क पडला तर मांस गाडीपर्यंत आणणार कसं?’ इथून. कुठे जायचं, कधी, कुणाबरोबर, हे सगळं त्या एका उत्तरावर ठरतं.

गाडीपासून फार लांब जाणं

पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोच्या आसपास भरतो. हाडं काढूनही शंभरेक किलो मांस उरतं. एकट्याने पंचवीस किलोच्या खेपा केल्या तरी चार खेपा. गाडी तीन किलोमीटरवर असेल तर चार वेळा ओझं घेऊन उतरायचं आणि तीन वेळा रिकाम्या हाताने परत चढायचं, म्हणजे एकवीस किलोमीटर. तेही पडलेल्या झाडांतून, कदाचित बर्फातून. एकटे असाल तर दोन-अडीच किलोमीटरच्या पुढे गोळी झाडू नका. समोर कितीही मोठी शिंगं असली तरी नाहीच. दोन दणकट मित्र सोबत असतील तर हिशोब बदलतो.

दुसरं, मांस नासतं ते उन्हापेक्षा आतल्या उष्णतेने. एल्कची कातडी जाड आणि केस दाट, त्यामुळे रात्री थंडी असली तरी मांडीच्या हाडाजवळ ऊब धरून राहते आणि तिथूनच मांस आंबायला लागतं. म्हणून कातडी लगेच काढा. पोट न फाडताही काम होतं. जनावर कुशीवर ठेवायचं, पाठीच्या कण्यावरून चीर द्यायची आणि कातडी पोटाकडे सोलत न्यायची. पुढचा पाय सहज सुटतो, कारण तिथे हाडाचा सांधाच नसतो. मागच्या पायाला खुब्याची वाटी सापडेपर्यंत सुरी हाडाला धरून चालवायची. मग पाठीचा पट्टा, मानेचं मांस, आणि कूस बदलून पुन्हा तेच. आतला मऊ पट्टा शेवटच्या बरगडीमागून हात घालून निघतो. तुकडे सुती पिशव्यांत भरून सावलीत, हवा खेळेल असे टांगा किंवा ओंडक्यांवर ठेवा. प्लॅस्टिकची पिशवी अजिबात नको. अस्वलांचा प्रदेश आहे, म्हणून मांस तंबूपासून दूर आणि लांबून दिसेल अशा जागी असू द्या.

चारही पाय, पाठीचे पट्टे आणि आतले पट्टे जंगलात टाकून येणं हा गुन्हा आहे. टॅग (एका जनावरापुरता मिळणारा परवाना) सही करून मांसाबरोबर ठेवावा लागतो आणि जनावर नर की मादी याचा पुरावा एखाद्या तुकड्याला नैसर्गिकरीत्या जोडलेला राहावा लागतो. घाईत तोच भाग आधी कापला जातो.

‘एल्क दिसतच नाहीत’

बहुतेक वेळा वाऱ्याने तुमची चाहूल आधीच दिलेली असते. डोंगरात पहाटे थंड हवा उताराने खाली वाहते. ऊन पडून उतार तापला की ती वर चढते आणि संध्याकाळी पुन्हा खाली येते. म्हणून सकाळी वरून खाली चालत गेलात तर तुमचा वास तुमच्या आधी पोहोचतो. पहाटे खालून वर जा, ऊन तापायच्या आत उताराला आडवे वळा आणि डोंगराच्या सोंडेच्या बाजूने चाला. खिशात बारीक पावडरची बाटली ठेवा आणि दर थोड्या वेळाने एक फुंकर सोडून बघा. घळीत वारा गोल फिरतो, तिथे शिरूच नका.

दुपारी मोकळ्या कुरणात शोधण्यात अर्थ नाही. तेव्हा ते उत्तरेकडच्या उतारावर, स्प्रूसच्या (सूचिपर्णी झाडांच्या) दाट राईत बसलेले असतात. ताज्या, ओलसर लेंड्या किंवा खुरांचे ठसे दीड दिवसात सापडले नाहीत तर जागा सोडा. त्यासाठी घरूनच नकाशावर तीन जागा काढून ठेवलेल्या हव्यात. रायफलच्या हंगामात यश साधारण पाचातल्या एकालाच मिळतं, हे धरूनच सुट्टी टाका.

सह्याद्रीच्या सवयीवर विसंबणं

कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर, आणि डेन्व्हर शहरच १६०९ मीटरवर वसलेलं आहे. एल्कचा मुक्काम बहुधा तीन हजार मीटरच्या आसपास. किनाऱ्यालगतच्या शहरातून विमानाने उतरून दुसऱ्या दिवशी वर चढू नका. वाटेत एक-दोन रात्री थांबा. डोकं दुखून उलटी होत असेल तर खाली उतरा, त्यात कमीपणा नाही. पोचल्यावर रायफल एकदा निशाण्यावर तपासून घ्या, प्रवासात तिच्यावरची दुर्बीण हलते.

कागदपत्रं उशिरा बघणं

कोलोरॅडोत मुख्य ड्रॉचा, म्हणजे टॅगच्या सोडतीचा, अर्ज एप्रिलच्या पहिल्या मंगळवारपर्यंत भरायचा असतो. शरद ऋतूतली शिकार वसंतात ठरते. २०२५पासून राज्याच्या पश्चिम भागात धनुष्यबाणाचा एल्क टॅगही बाहेरच्या राज्यातल्यांना ड्रॉमधूनच मिळतो. म्हणून जुन्या माहितीवर जाऊ नका, त्या वर्षीचं नियमपुस्तक वाचा. १९४९ किंवा नंतर जन्मलेल्यांना शिकारी प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. रायफल हंगामात ५०० चौरस इंच भडक केशरी किंवा गुलाबी कपडा आणि त्याच रंगाची टोपी सक्तीची आहे. शेजारच्या वायोमिंग राज्यात जायचं असेल तर तिथल्या विल्डरनेस (रस्ते-वाहनं नसलेल्या संरक्षित) भागात बाहेरच्या राज्यातल्या शिकाऱ्याला गाइड किंवा स्थानिक सोबती लागतोच.

एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर आणखी एक गोष्ट. बिगरस्थलांतरित व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. कुठल्याही राज्याचं वैध शिकार लायसन्स असेल तर सूट मिळते. लायसन्सची मुदत संपली की ती सूटही जाते, म्हणून रायफल विकत घेऊन घरी ठेवण्याआधी वकिलाशी बोलून घ्या.