रायफलच्या बॅरलचं कंपन कमी करताना या चुका टाळा

गोळी सुटताना बॅरल (नळी) थरथरतं आणि ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या भोकांचा पुंजका, फाकतो, हे खरं. त्यावर उपाय म्हणून बरेच जण बॅरल कशावर तरी टेकवतात, नाहीतर हाताने दाबून धरतात, आणि ग्रुप आणखी बिघडतो. थरथर पूर्ण थांबवता येत नाही. सेंटरफायर रायफलमध्ये (जिच्या काडतुसाच्या बुडाच्या मध्यभागी आघात होतो) गोळी नळीतून साधारण एक ते दीड मिलिसेकंदात बाहेर पडते आणि तेवढ्यात मझल, म्हणजे नळीचं पुढचं तोंड, हललेलं असतं. प्रत्येक गोळी त्या हालचालीच्या एकाच टप्प्यावर बाहेर पडली, तर भोकं जवळजवळच पडतात. म्हणून कंपन दर वेळी सारखं राहील, हे बघायचं.

सगळ्यांत जास्त घोळ होतो तो बॅरल आणि स्टॉक (रायफलचा लाकडी किंवा प्लास्टिकचा सांगाडा) यांच्या मधल्या फटीत. रायफल रिकामी असल्याची खात्री करा, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी बघा, मग कागदाची पट्टी बॅरलखालून ॲक्शनच्या (काडतूस भरून झाडणाऱ्या यंत्रणेच्या) दिशेने सरकवा. मध्येच अडकली तर तिथे लाकूड किंवा प्लास्टिक घासतंय. एवढ्यावर थांबू नका. बायपॉडवर (पुढच्या दोन पायांवर) भार द्या, स्लिंग (खांद्याचा पट्टा) ताणा आणि पट्टी पुन्हा फिरवा. मऊ प्लास्टिकचे स्टॉक टेबलावर मोकळे वाटतात, पण भार पडताच वाकून बॅरलला चिकटतात. ताणाखालीही टिकेल एवढी फट हवी. त्याच कारणाने वाळूची पिशवी स्टॉकच्या पुढच्या भागाखाली ठेवायची, बॅरलखाली कधीच नाही.

बॅरलला स्पर्श म्हणजे दोषच, असंही नाही. ली-एनफिल्ड क्रमांक ४ रायफलमध्ये मझलजवळ लाकडाचा वरच्या दिशेने दाब मुद्दाम ठेवलेला असे. अशा जुन्या रायफलचं लाकूड तासून ‘फ्री-फ्लोट’ (बॅरल स्टॉकला कुठेच टेकणार नाही असं मोकळं) करू नका. ग्रुप सुधारेलच असं नाही आणि तासलेलं लाकूड परत येत नाही.

ॲक्शनचे स्क्रू अंदाजाने आवळणं ही दुसरी नेहमीची चूक. टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) वापरा, उत्पादकाने दिलेला आकडा पाळा. स्क्रू सोडताना ॲक्शन स्टॉकमधून किंचित उसळत असेल, तर बेडिंग (ॲक्शनची स्टॉकमधली बैठक) नीट बसलेलं नाही. मग बाकीचे उपाय वरवरचे.

बारीक बॅरलवर लागोपाठ गोळ्या झाडून ‘कंपन वाढलं’ म्हणू नका, ते तापलंय. थंड होऊ द्या. नवीन बॅरल घेणारच असाल तर जाडी बघा: ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो, म्हणजे १८ मिमीऐवजी २२ मिमी घेतलं तर दुपटीहून जास्त. वजनही वाढतं, ते खांद्यावर वाहायचंय हे लक्षात असू द्या.

तीन गोळ्यांच्या ग्रुपवरून निष्कर्ष काढणं तर फारच फसवं. निदान दहा गोळ्या बघा, काडतुसं एकाच लॉटची आणि पकड तीच ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला.

एवढं करूनही १०० मीटरवर गोळ्या विखुरत असतील, तर स्कोप (नेमाची दुर्बीण) धरणाऱ्या रिंगचे स्क्रू आणि मझलची कड तपासा. सैल रिंगचं खापर बॅरलवर फुटताना फार वेळा दिसतं. ट्यूनर (मझलवर बसवायचं, कंपन जुळवणारं वजन) शेवटी लावा, थोडा थोडा फिरवून. काडतुसांचा लॉट बदलला की त्याची जागा पुन्हा शोधावी लागेल.