जपानी साहेब "विचार करू" म्हणाले तर काय समजायचं?

गोव्यात वेर्ण्याला कंपनीत लागलो तेव्हा मला वाटायचं आकडे बरोबर असले की प्लॅन पास. तसं नसतं. साहेब कुठला त्यावर निर्णय कधी आणि कुठे होतो ते ठरतं, आधी ते शोधा.

जपान्यांचा निर्णय मीटिंगच्या आधीच झालेला असतो. त्याला नेमावाशी म्हणतात, म्हणजे झाड हलवायच्या आधी मुळांभोवती खणून ठेवायचं, आपण मोठं कलम हलवताना करतो तेच. मी शहाणा, नव्या पॅकिंग लाइनचा प्लॅन डायरेक्ट मीटिंगमध्ये टाकला, समोर सगळे माना डोलवतायत, "हाय, हाय" चाललंय, शेवटी मोठे साहेब म्हणाले विचार करू. मी खूश होऊन पेढे आणायच्या तयारीत! दोन महिने काही नाही, मग एका सीनियरने सांगितलं की "हाय" म्हणजे ऐकतोय आणि "विचार करू" म्हणजे बहुतेक नाहीच. आता मी काय करतो, एकेकाला आधी वेगळं भेटतो, कुठे अडतंय विचारतो, ते सुधारून परत दाखवतो. मग मीटिंग नावापुरती. पुढे रिंगीचा, म्हणजे मंजुरीचा कागद खालून वर फिरतो, प्रत्येक जण आपला हांको म्हणजे शिक्का मारतो. वेळ जातो पण एकदा ठरलं की सहसा कोणी फिरत नाही.

जर्मनांना आधी कागद पाठवा, रिस्कसकट. चूक तोंडावर सांगतील, मनाला लावून घेऊ नका. आणि "माणसं कमी करू" असं एका ओळीत लिहू नका, तिकडे 1976 च्या कायद्याने 2000 च्या वर कामगार असलेल्या कंपनीत सुपरवायझरी बोर्डाच्या (मॅनेजमेंटवर लक्ष ठेवणारं मंडळ) निम्म्या जागा कामगारांच्या बाजूच्या असतात.

अमेरिकन असेल तर फायदा पहिल्याच स्लाइडवर, त्यांना दर तीन महिन्यांनी रिझल्ट दाखवायचे असतात.

हॉफस्टेड या डच संशोधकाने आयबीएमच्या कर्मचाऱ्यांच्या सर्व्हेवरून पॉवर डिस्टन्स (साहेब-कामगारातली उतरंड लोक किती मानतात ते) वगैरे मोजलं ते वाचा, पण ती देशाची सरासरी आहे, समोरचा माणूस नव्हे. आमचा एक जर्मन पुण्यात दहा वर्षं राहून आलाय, तो आता आपल्यासारखंच "बघू" म्हणतो.

राहिला आपला गोंयकार पात्रांव, म्हणजे गोव्याचा मालक. मीटिंगमध्ये हो म्हणेल, रात्री जेवताना भावाशी बोलेल आणि सकाळी नाही. म्हणून भावाला आधी चहाला बोलवा. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आठवड्यात मात्र नको, तेव्हा दोघं माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळापानांचं सामान शोधत असतात.