स्क्लेरोडर्मा असेल तर थायरॉइडची तपासणी आणि गोळी, नीट कसं करायचं

सोलापुरात मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो आणि तरी घरातली बाई पंखा बंद करा म्हणते, चादर ओढून बसते, तेव्हा "तिला स्क्लेरोडर्मा आहे ना, होतंच तसं" म्हणून विषय सोडू नका. माझ्या मावशीला हा कातडी आणि आतले अवयव कडक करत जाणारा आजार आहे म्हणून कळकळीने सांगते.

स्क्लेरोडर्मात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते, आणि अशा लोकांमध्ये ती थायरॉइडवरही उलटण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. बहुतेक वेळा थायरॉइड हळूहळू मंद होतो. पंचाईत अशी की दोन्हींची लक्षणं सारखीच दिसतात, थकवा, कोरडी कातडी, बद्धकोष्ठता, सकाळी आखडलेले हात. गारठ्यात बोटं पांढरी-निळी पडणं हे रेनॉडचं (थंडीने बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसतात तो त्रास), पण सगळ्या अंगालाच थंडी वाजते, चेहरा सुजतो, सारखी झोप येते, पाळीत जास्त रक्त जातं, असं असेल तर थांबू नका.

डॉक्टरांना विचारून रक्ताच्या या तपासण्या करून घ्या: टीएसएच (थायरॉइड मंद असेल तर हा सहसा वाढतो), फ्री टी४ (थायरॉइडचं हार्मोन) आणि एकदा अँटी टीपीओ (प्रतिकारशक्ती थायरॉइडवर उलटली आहे का ते दाखवणारी). केसांसाठी बायोटिनची गोळी चालू असेल तर आधीच सांगा, तिच्यामुळे रिपोर्ट चुकीचा येतो, निदान दोन दिवस आधी बंद करायला सांगतात. अँटी टीपीओ पॉझिटिव्ह पण टीएसएच नॉर्मल आला तर घाबरून गोळी सुरू करायची नाही, सहसा वर्षातून एकदा टीएसएच बघत राहायचं. अँटी टीपीओ परत परत करायची गरज नसते, त्यात पैसे घालवू नका.

आता गोळी. मंद थायरॉइडची गोळी म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, ती सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि चहा अर्धा ते एक तासानंतरच. पुण्याला दाखवायला जायचं म्हणून सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडताना गडबडीत गोळी चहाबरोबर घेतली जाते तेवढं टाळा. तपासणीसाठी रक्त द्यायचं असेल तर आधी रक्त, मग गोळी. स्क्लेरोडर्मात अन्ननलिका कमजोर असते त्यामुळे ताठ बसून भरपूर पाणी प्या आणि लगेच आडवं होऊ नका. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांत चार तासांचं अंतर ठेवा. पाकीट गॅसजवळ किंवा उन्हातल्या गाडीत ठेवू नका, आपल्याकडच्या उन्हात औषध खराब होतं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ॲसिडिटीच्या गोळीने. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल यांनी पोटातलं ॲसिड कमी होतं आणि मग थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही, टीएसएच चढतो, आणि आपण म्हणतो गोळी वेळेवर देतोय तरी असं का. दोन गोळ्यांत अंतर ठेवूनही हे पूर्ण सुटत नाही कारण ॲसिड दिवसभर कमीच राहतं. पण ती गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, अन्ननलिकेला तीच सांभाळते. ती सुरू झाली, बंद झाली किंवा तिचा डोस बदलला की डॉक्टरांना सांगायचं, ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच करायचा आणि डोस तेच ठरवतील. हृदय किंवा फुप्फुसावर परिणाम झालेला असेल तर डोस सहसा कमीपासून सुरू करतात. छातीत धडधड, दुखणं वाटलं तर लगेच दाखवा.

कधी कधी उलटंही होतं, थायरॉइड जोरात चालतो. तेव्हा धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल देतात आणि त्याने रेनॉड वाढू शकतो. काही थायरॉइडच्या त्रासात स्टिरॉइडही देतात, पण रोज १५ मिलीग्रॅमच्या वर प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडने स्क्लेरोडर्मात किडनी अचानक बिघडण्याचा धोका वाढतो. म्हणून थायरॉइडच्या डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिलं वाक्य "मला स्क्लेरोडर्मा आहे" हेच असू द्या, पुण्याची फाइल आणि सोलापूरची फाइल दोन्ही पिशवीत ठेवा, आणि स्टिरॉइड चालू झालंच तर घरी रोज बीपी मोजा, एकदम वाढला किंवा डोकं खूप दुखलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.