कमबॅक फाइटवर भांडायचंय? मग आधी स्वतःचं स्कोअरकार्ड ठेवा

आपल्या इंदूरात रविवारी सकाळी पोहे-जिलबी घरात येईपर्यंत तिकडे लास वेगासची शनिवार रात्रीची टायटल फाइट रंगात आलेली असते, आणि हरत आलेला बॉक्सर शेवटी जिंकला की आमच्या रामबागेतल्या ग्रुपमध्ये दुपारपर्यंत तेच चालू, लकी पंच होता, रेफरीने घाई केली वगैरे. भांडा की, पण हातात काहीतरी लिहिलेलं घेऊन भांडा.

साधी वही चालेल. जज देतात तसेच प्रत्येक राउंडला मार्क द्यायचे: राउंड जिंकला त्याला 10, दुसऱ्याला 9, एकदा खाली पडला तर 8, दोनदा पडला तर बहुतेक 7. राउंड संपला की जो एक मिनिटाचा ब्रेक असतो त्यातच आकडा टाकायचा, नंतर आठवून नाही. आणि प्लीज कॉमेंट्री म्यूट करा, नाहीतर तुमचं कार्ड म्हणजे कॉमेंटेटरचंच कार्ड होतं.

आता खरी गोष्ट, आकड्यांच्या बाजूला अजून एक रकाना पाडा आणि त्यात शरीराचं लिहा. बरगड्यांवर पंच किती जोरात बसले, तोंड उघडं पडलंय का, पाय जड झाले का, पंच मारून झाल्यावर हात परत गालाशी येतोय की खालीच लोंबतोय. माझं तर ठाम मत आहे, कमबॅक शेवटच्या पंचमध्ये नसतोच, तो या रकान्यात पाचव्या-सहाव्या राउंडपासून दिसायला लागतो.

प्रॅक्टिसला 17 मार्च 1990 ची ज्युलिओ सीझर चावेझ विरुद्ध मेल्ड्रिक टेलर ही जुनी फाइट लावा. टेलर 1984 चा ऑलिंपिक गोल्डवाला, हात इतके फास्ट की राउंडमागून राउंड त्याचेच, तीनपैकी दोन जजच्या कार्डावर तो चांगलाच पुढे होता, पण चावेझचे मोजके जड पंच बसत राहिले आणि टेलरचा चेहरा सुजत गेला, तोंडात रक्त. शेवटच्या, बाराव्या राउंडमध्ये टेलर पडला, उठला, रेफरी रिचर्ड स्टीलने ठीक आहेस का विचारलं, नीट उत्तर आलं नाही, फाइट थांबली, तेव्हा घड्याळात फक्त 2 सेकंद बाकी! तेवढे निघाले असते तर टेलर जिंकला होता. लोक अजून चिडतात, पण मी स्टीलच्याच बाजूने, रेफरीने घड्याळ नाही, समोरचा माणूस बघायचा असतो.

दुसरी फाइट, 7 मे 2005, दिएगो कोरालेस विरुद्ध होजे लुईस कास्टिलो, दहावा राउंड. कोरालेस दोनदा पडला, दोन्ही वेळा माउथगार्ड (दातांवर घालायचं कव्हर) तोंडाबाहेर, दुसऱ्यांदा रेफरी टोनी वीक्सने पॉइंट कापला, पण ते माउथगार्ड धुऊन परत घालेपर्यंत त्याला श्वास घ्यायला वेळ मिळाला, आणि त्याच राउंडमध्ये त्याने कास्टिलोला दोरांवर गाठून फाइट संपवली. इथे स्टॉपवॉच लावून बघा प्रत्येक वेळी किती सेकंद मिळाले, मग तो फायदा योग्य होता का यावर बोला. मला तो वेळ खटकतो, तरी त्यानंतर कोरालेसने जे केलं ते जबरदस्तच.

फाइट संपली की रिप्लेच्या आधी सगळ्यांनी वह्या एकदम टेबलावर ठेवायच्या, कोणी आकडा बदलायचा नाही. नॉकआउट असला तरी संपलेल्या राउंडची जजची कार्डं नंतर बाहेर येतात, ती आपल्याशी जुळवा, आणि जिथे फरक आहे तेवढेच राउंड परत लावा, पुन्हा म्यूटवर.